एक आज्ञा, शंभर अटी: पॅकेज इन्स्टॉलरची गोष्ट



आज ज्या कामाचा इतिहास सांगायचाय, ते नीट झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही आणि फसलं तर अख्खी दुपार खातं. संगणकावरच्या काळ्या खिडकीत आपण एक ओळ टाइप करतो: पिप इन्स्टॉल, आणि पुढे एखादं नाव. पडद्यावर भराभर ओळी सरकतात. मागितलेलं असतं एक पॅकेज, उतरतात पंधरा. ही वरची चौदा कुठून आली? त्यांच्या नेमक्या कुठल्या आवृत्त्या घ्यायच्या, हे कुणी ठरवलं? आणि त्या सगळ्यांचं आपसात पटतं का, हे कुणी पाहिलं?

पाहतच असणार, असं आपण धरून चालतो. पण पायथनच्या जगात नोव्हेंबर २०२० पर्यंत हे नीट पाहिलं जात नव्हतं. पिप हे साधन आलं २००८ साली. म्हणजे बारा वर्षं ते बऱ्याच अंशी अंदाजपंचे चाललं, आणि त्यावर प्रयोगशाळा, बँका, स्टार्टअप, कॉलेजांचे प्रोजेक्ट असं सगळं उभं राहिलं. हे निष्काळजीपणामुळे झालं असं म्हणून मोकळं होता येईल, पण ते खरं नाही. काम खरोखरच अवघड होतं. किती अवघड, ते गणिताने सिद्ध झालेलं आहे. त्या सिद्धतेपर्यंत आपण येऊच, पण त्याआधी थोडं मागे जाऊ.

तुमच्यापैकी जे या क्षेत्रात नाहीत त्यांच्यासाठी दोन वाक्यं. कुठलाही प्रोग्राम एकटा उभा राहत नाही. चित्र दाखवायला, फाइल उघडायला, नेटवर बोलायला तो दुसऱ्यांनी लिहिलेले तुकडे वापरतो. त्या तुकड्यांना लायब्ररी म्हणतात आणि त्यांची गरज असणं म्हणजे डिपेंडन्सी. आणि ही गरज अटी घालून येते: अमुक लायब्ररी हवी, पण तिची दुसरी आवृत्ती किंवा त्यानंतरची; तमुक हवी, पण तिसरी आवृत्ती चालणार नाही, कारण तिसरीत त्यांनी सगळं बदलून टाकलंय. त्या लायब्ररीच्या पुन्हा स्वतःच्या अटी असतात. असं खाली खाली जात राहतं.

इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन या लिनक्स संचाची घोषणा केली. पुढच्याच वर्षी डेबियनचा डीपीकेजी हा पॅकेज बसवणारा प्रोग्राम आकाराला आला, आणि त्याचा गाभा इयन जॅक्सनने सी भाषेत नव्याने लिहिला. १९९५ मध्ये रेड हॅटचा आरपीएम आला, एरिक ट्रोन आणि मार्क इविंग यांचा. दोघांनी एक मोठी गोष्ट केली. पॅकेजबरोबर त्याच्या गरजांची यादीही लिहून ठेवायची प्रथा पाडली. त्याआधी ते ज्ञान 'रीडमी' फाइलीत नाहीतर कुणाच्या तरी डोक्यात असायचं.

पण ही यादी वाचून आरपीएम करायचा काय? तक्रार. 'अमुक लायब्ररी लागते, ती इथे नाही', एवढं सांगून तो थांबायचा. ती कुठे मिळेल, तिला आणखी काय लागेल, हे शोधणं तुमच्याकडे. तुम्ही ती शोधून आणायची, तर तिच्या आणखी तीन मागण्या. लोकांनी याला 'आरपीएम हेल' असं नाव ठेवलं, आणि ते चिकटलं.

आपल्याकडे हा नरक जरा जास्तच तापलेला होता. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना इंटरनेट दिलं १५ ऑगस्ट १९९५ पासून, तेही टेलिफोनच्या तारेवरून. त्या काळात अनेकांच्या घरी लिनक्स आलं ते 'पीसीक्वेस्ट' मासिकासोबतच्या सीडीवरून. सीडीवर आहे तेवढं ठीक. सीडीवर नसलेलं एखादं पॅकेज हवं झालं, की सायबर कॅफेत जायचं, १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर फाइल घ्यायची आणि घरी यायचं. घरी आल्यावर कळायचं, की त्या फाइलला आणखी एक फाइल लागते. पुन्हा कॅफे. एका तासाचे पैसे पुन्हा. ज्याला आज रिझॉल्व्हर म्हणतात, ते काम तेव्हा माणूस करत होता, पायी.

या पायपिटीवरचं पहिलं मोठं उत्तर डेबियनचं. मार्च १९९९ च्या डेबियन २.१ बरोबर एपीटी आलं. जेसन गनथॉर्प हे त्यातलं महत्त्वाचं नाव. एपीटीने आधी सगळ्या पॅकेजांची आणि त्यांच्या अटींची एक सलग यादी उतरवून घेतली, मग घरबसल्या त्या यादीवर विचार केला आणि लागेल ते सगळं एका दमात आणलं. पुढे आरपीएमच्या गोटातही असाच उपाय आला. ड्यूक विद्यापीठात सेथ विडाल आणि सहकाऱ्यांनी घडवलेलं 'यम' बरीच वर्षं रेड हॅटच्या जगात चाललं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढे ती फार कामाला येणार आहे. एपीटी हुशार होतं, पण त्याचं निम्मं काम माणसांनी आधीच करून ठेवलेलं होतं. डेबियनच्या एका प्रकाशनात एका पॅकेजची साधारणपणे एकच आवृत्ती असते. कुठली आवृत्ती कुणाशी जुळते हे भांडण डेबियनचे स्वयंसेवक महिनोन्‌महिने आधी भांडून घेतात. त्यांच्याकडे 'ब्रिटनी' नावाचा एक प्रोग्रामच आहे, जो नवं पॅकेज आत घेण्याआधी पाहतो की याच्यामुळे दुसरं काही बसवता न येण्यासारखं तर होत नाही ना. म्हणजे आपल्या यंत्रावर एपीटी चालतं तेव्हा निवडीला फारशी जागाच उरलेली नसते. ओझं नाहीसं झालं नव्हतं, वापरणाऱ्याच्या पाठीवरून स्वयंसेवकांच्या पाठीवर गेलं होतं.

तरीही शंका होतीच. पॅकेजं हजारोंनी वाढत होती. अटींमध्ये 'हे किंवा ते' असायचं, 'हे असेल तर ते नको' असायचं. कधीकधी उत्तर अस्तित्वात असूनही इन्स्टॉलर म्हणायचा, जमत नाही. हे साधन कच्चं आहे म्हणून, की प्रश्नच तसा आहे म्हणून?

घरातल्या लग्नाची आमंत्रणं करून बघा. आत्या आली तर धाकट्या काकांना बोलवायचं नाही, वाटणीचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. मामा येणार, पण नागपूरचे किंवा बडोद्याचे, दोघांपैकी एक तरी मावसभाऊ असेल तर. बडोद्याचा मावसभाऊ धाकट्या काकांशिवाय हलत नाही. आणि नागपूरच्याचं आत्याशी पटत नाही. एवढ्या चारपाच जणांतच कागद-पेन्सिल लागते: आत्या आणि मामा दोघंही हवेत, तर ते जमणारच नाही, कुठूनही सुरुवात करा. शंभर पाहुणे आणि असे पाचशे रुसवेफुगवे असले, तर सगळ्यांच्या अटी पाळणारी एक तरी यादी निघते का, हे सांगायची हमखास झटपट रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. अशी रीत असूच शकत नाही, असा बहुतेक तज्ज्ञांचा कयास आहे, पण तेही अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. तर्कशास्त्रात या कोड्याला 'सॅट' म्हणतात, आणि १९७१ साली स्टीफन कुक यांनी दाखवून दिलं की अवघड कोड्यांच्या एका मोठ्या कुळाचा हा मूळपुरुष आहे.

युरोपात २००४ च्या सुमारास 'इडॉस' नावाचा संशोधन प्रकल्प सुरू झाला. रोबेर्तो दि कोस्मो आणि सहकाऱ्यांनी त्यात नेमका हाच प्रश्न हाती घेतला: दिलेलं पॅकेज बसवता येईल का? २००६ मध्ये त्यांनी जे प्रसिद्ध केलं त्याचा सारांश असा, की कुठलंही सॅटचं कोडं तुम्ही डेबियनच्या पॅकेजांच्या भाषेत लिहू शकता. म्हणजे पॅकेज बसवता येईल का हा प्रश्न सर्वसाधारण रूपात सॅटइतकाच अवघड आहे. संगणकशास्त्रात याला एनपी-कम्प्लीट म्हणतात. आपण रोज सहज देतो त्या आज्ञेच्या पोटात हे बसलेलं होतं.

ही बातमी वाईट वाटते, पण तिने काम सोपं केलं. प्रश्न सॅटचाच आहे म्हटल्यावर सॅटसाठी गणितज्ञांनी तीस वर्षं घासूनपुसून ठेवलेली हत्यारं उचलायला हरकत काय? सगळ्यात वाईट प्रसंगी ती हत्यारंही अडकतात, पण रोजच्या व्यवहारातल्या अटी इतक्या दुष्ट नसतात. सुसे लिनक्सच्या २००६ सालच्या १०.१ आवृत्तीतल्या पॅकेज व्यवस्थेवर भरपूर टीका झाली होती. दोन वर्षांनी, जून २००८ च्या ओपनसुसे ११.० मध्ये, त्यांनी सॅटवर चालणारा नवा गाभा बसवला. मिशाएल श्रोडर यांचं हे काम पुढे 'लिबसॉल्व्ह' म्हणून ओळखलं गेलं, आणि २०१५ मध्ये फेडोराने यम सोडून डीएनएफ घेतलं तेव्हा त्याच्याही पोटात हेच होतं. स्पर्धकाच्या घरचं इंजिन मुकाट्याने आपल्या गाडीत बसवण्याचा हा समंजसपणा मला फार आवडतो.

आता पायथन.

लिबसॉल्व्ह आलं त्याच वर्षी, २००८ मध्ये, इयन बिकिंगने पिप लिहिलं. त्याआधीच्या 'ईझी इन्स्टॉल'पेक्षा ते कितीतरी सुटसुटीत होतं आणि लोकांनी ते उचलून धरलं. पण अटींच्या बाबतीत त्याचा न्याय फार साधा होता: जो आधी आला तो जिंकला. समजा तुमच्या प्रोग्रामला 'क' हे पॅकेज हवंय, आवृत्ती कुठलीही. पिप सगळ्यात ताजी घेणार, समजा तिसरी. पुढे 'ख' म्हणतं, मला 'क' लागतं पण दुसऱ्या आवृत्तीच्या आतलं. पिप म्हणणार, 'क' तर झालंय निवडून. आणि पुढे जाणार. शेवटी पडद्यावर यशाचा निरोप. चूक उघडी पडायची ती नंतर, प्रोग्राम चालवताना, कधी त्याच क्षणी आणि कधी महिन्याभराने, आणि तेव्हा पिपचा संशय कुणाला येणार? पुढेपुढे शेवटी एक इशारा छापायची सोय झाली. पण गाडी फलाटावरून सुटल्यावर 'ही आपली गाडी नव्हे' असं सांगण्यासारखं ते होतं.

हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पिपला खरा डिपेंडन्सी रिझॉल्व्हर हवा, अशी नोंद पिपच्या कामाच्या यादीत २०१३ सालीच झाली होती. तिचा क्रमांक ९८८, आणि पायथनवाल्यांमध्ये तो क्रमांक पुढे म्हणीसारखा झाला. मग सात वर्षं का लागली?

एक कारण माणसांचं. पिप सांभाळणारी मंडळी मूठभर, आणि बहुतेक आपली नोकरी किंवा अभ्यास सांभाळून फावल्या वेळात हे करणारी. २०१७ मध्ये गुगलच्या 'समर ऑफ कोड' योजनेत प्रद्युन गेडाम या भारतीय विद्यार्थ्याने हा रिझॉल्व्हर बसवायचं काम घेतलं. एका उन्हाळ्यात ते संपणारं नव्हतंच. आधी पिपची जुनी, एकमेकांत गुंतलेली रचना मोकळी करावी लागत होती. तो मात्र तिथेच राहिला आणि पिप सांभाळणाऱ्यांपैकी एक झाला. घराचा पाया बदलायचा, पण राहणाऱ्यांना बाहेर काढायचं नाही, असं ते काम.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते हुशारीचं नाही, माहितीचं आहे. एपीटीकडे सगळ्या अटींची सलग यादी असते, हे मघाशी म्हटलं ते आठवा. पायथनकडे तशी यादीच नव्हती. पायथनच्या भांडारात, पायपीआयवर, पॅकेजाच्या अटी 'सेटअप डॉट पाय' नावाच्या फाइलीत असायच्या, आणि ती फाइल म्हणजे एक प्रोग्राम. तो चालवल्याशिवाय अटी कळत नाहीत. शिवाय विंडोजवर चालवला तर एक उत्तर आणि लिनक्सवर चालवला तर दुसरं, असंही होऊ शकतं. म्हणजे एखादं पॅकेज आपल्याला चालेल का हे ठरवण्यासाठी आधी ते उतरवायचं, उघडायचं, चालवायचं. स्थळाची पत्रिका बघायला आधी लग्न लावण्यातला प्रकार. २०१३ पासून 'व्हील' या नव्या पेटीत अटी साध्या मजकुरात मिळू लागल्या, पण पेटी तरीही उतरवावी लागत होतीच. त्यात डेबियनसारखी एका पॅकेजची एकच आवृत्ती ही शिस्त इथे नाही. आजवरच्या सगळ्या आवृत्त्या पायपीआयवर बहुतेक जागच्या जागी असतात. निवडीचं जंगल केवढं मोठं, बघा.

जावास्क्रिप्टवाल्यांनी या जंगलाला वळसा घातला. त्यांच्या एनपीएमने सांगितलं, दोघांना वेगवेगळ्या आवृत्त्या हव्यात ना, मग दोन प्रती ठेवू, ज्याची त्याच्या खोलीत. भांडणच मिटलं. डिस्क मात्र भरली, आणि बारीकसारीक पॅकेजांचा इतका सुळसुळाट झाला, की मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं तेव्हा जगभर प्रकल्प अडले. पायथनला हा वळसा घेता येत नाही. एका चालू प्रोग्राममध्ये एका नावाचं मॉड्यूल एकच असतं. एका घरात एकाच नावाच्या दोन गृहिणी पायथनला चालत नाहीत.

अखेर पैसा आला. मोझिला आणि चॅन-झकरबर्ग इनिशिएटिव्ह यांच्याकडून मिळून ४,०७,००० डॉलर, पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनला, २०२० मधल्या पिपच्या कामासाठी. गेडाम, पॉल मूर, तैवानचे त्झू-पिंग चुंग ही मंडळी कामाला लागली. आणि या पैशाचा एक भाग वापरणाऱ्यांशी बोलण्यावर, चुकीचे निरोप समजतील असे लिहिण्यावर खर्च झाला. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा कामांत ते सहसा राहून जातं. गाभा होता चुंग यांच्या 'रिझॉल्व्हलिब'चा. रीत सुडोकूची: पेन्सिलीने आकडा भरायचा, पुढे जायचं, अडलं की खोडून मागे यायचं. सगळ्या अटी आधी हातात नसताना सॅटची हत्यारं नीट चालवता येत नाहीत, म्हणून ही पायरीपायरीची चाल.

३० नोव्हेंबर २०२० रोजी पिप २०.३ आलं आणि नवा रिझॉल्व्हर सगळ्यांसाठी सुरू झाला. पुढे काय झालं असेल? जे काल बसत होतं ते आज बसेना. अटी एकमेकींच्या आड येत असतील तर पिप आता स्पष्ट सांगू लागलं: जमणं अशक्य. काल जे बसत होतं ते खरं तर मोडकंच बसत होतं, पण ज्याची बिल्ड सकाळी लाल झाली त्याला हे ऐकवणं कठीण. त्याहून मोठी तक्रार वेळेची. पिप मागेमागे जात एकेक जुनी आवृत्ती उतरवत बसायचं, 'याला वेळ लागू शकतो' असं म्हणत. ॲमेझॉनच्या सेवांसाठीचं 'बोटोकोर' हे पॅकेज जवळजवळ रोज नवी आवृत्ती काढतं. त्यावरच्या दोन पॅकेजांच्या अटी किंचित न जुळल्या, की पिपपुढे शेकडो आवृत्त्यांची रांग. चहा होऊन यायचा, जेवण होऊन यायचं, रांग चालूच.

गंमत अशी, की दरम्यान इतरांनी प्रश्नच वेगळा मांडला होता. २०१८ मध्ये डार्ट भाषेसाठी नॅटली वायझेनबाउम यांनी 'पबग्रब' ही रीत काढली. ती अडलं की का अडलं हे लक्षात ठेवते, तीच चूक पुन्हा करत नाही, आणि शेवटी माणसाला कळेल अशा वाक्यांत कारण सांगते: हे याला हवं, ते त्याला नको, म्हणून. पायथनमध्ये 'पोएट्री'ने ती घेतली आणि २०२४ मध्ये आलेल्या वेगवान 'यूव्ही'नेही. त्याच २०१८ मध्ये गो भाषेच्या रस कॉक्स यांनी सांगितलं, की 'याच्या पुढची आवृत्ती नको' अशी अट घालूच द्यायची नाही. फक्त 'निदान इतकी हवी' एवढंच म्हणता येईल, आणि चालणाऱ्यांतली सगळ्यात जुनी निवडायची. एवढ्याने एनपी-कम्प्लीटचं भूत उतरतं, हिशेब सरळ होतो. किंमत लेखकाने मोजायची: जुन्यांशी न जुळणारा बदल केलात, तर पॅकेजाचं नाव बदला. कॉक्स यांचं गणित बिनतोड आहे. पायथनच्या इतक्या वर्षांच्या पसाऱ्यावर ते बसवता आलं असतं असं मात्र मला वाटत नाही. जे लेखक दहा वर्षांपूर्वी पॅकेज लिहून निघून गेले, त्यांच्याकडून नाव कोण बदलून घेणार?

पिपची गती सुधारली ती मुख्यतः माहितीच्या बाजूने. अटींची चिठ्ठी पॅकेजाच्या पेटीबाहेर, वेगळी वाचता यावी, असा प्रस्ताव २०२१ मध्ये मान्य झाला आणि २०२३ मध्ये पायपीआयवर अमलात आला. एपीटीकडे १९९९ मध्ये जे होतं, त्याच्या जवळपास पायथन चोवीस वर्षांनी पोचलं. एकदा निघालेलं उत्तर लिहून ठेवायची, म्हणजे लॉक फाइलीची, सामाईक पद्धत ठरायला मार्च २०२५ उजाडलं.

आणि तो जुना, 'आधी आला तो जिंकला'वाला रिझॉल्व्हर? २०२१ च्या पहिल्या आवृत्तीत तो काढून टाकायचा बेत होता. पण काही प्रकल्प त्याच्याशिवाय बसतच नव्हते, म्हणून एका लांबलचक पर्यायामागे तो ठेवून दिला. नावातच 'कालबाह्य' असा शिक्का मारलेला तो पर्याय त्यानंतरही कित्येक वर्षं पिपमध्ये होता, आणि लोक तो टाइप करत होते.